स भागिले स

माझ्या मुलीचा निकाल लागला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये साबुदाणा वडा खात होते. फोन थरथरला. कौटुंबिक न्यायालयाचा संदेश होता: ‘कुमारी नभा, वय चार. आठवड्यातले पाच दिवस वडिलांकडे, कराड. दोन दिवस आईकडे, पुणे. अंमल पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.’ खाली हिरवी खूण. म्हणजे गणित तपासलेलं आहे, बरोबर आहे, कुणी शंका काढू नये.

वडा मी पुरा खाल्ला. डोकं फिरलं की मला भूक लागते.

नभाच्या वडिलांचं नाव सुयश थोरवडे. रस्त्यात समोर आला तरी नभा त्याला ओळखणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे मी सातव्या महिन्यात चिपळूणला गेले आणि नभा तिथेच झाली. बारशाला कराडहून थोरवड्यांचा गोतावळा आला. घुगऱ्या वाटताना सुयशची आत्या कौतुकानं म्हणाली, “बरं केलंस बाई, नोकरी सोडलीस ते. आता कराडलाच ऱ्हा निवांत.” मी नोकरी सोडलेली नव्हती. मी बाळंतिणीच्या खोलीत असताना सुयशनं माझ्या लॅपटॉपवरून माझ्या नावानं राजीनामा धाडून दिला होता. विचारलं तर म्हणाला, “तुला जमलं नसतं, म्हणून मी केलं.” त्यानंतर मी त्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. नोकरी भांडून परत मिळवली, घटस्फोट घेतला, आणि आई गेल्यावर वडिलांना पुण्यात माझ्याकडे आणलं. चार वर्षांत सुयशनं मुलीची साधी चौकशी केली नाही. आता त्याच्या आईला नात हवी होती आणि त्याला मला हरवायचं होतं. नव्या कायद्यानं दोघांची सोय झाली.

हा कायदा म्हणजे बालसहवास कायदा. मुलांच्या ताब्याचे खटले वर्षानुवर्षं लोंबकळत, पोरं शाळा संपवून कॉलेजात जात, तरी निकाल नाही. मग सरकारनं ठरवलं, माणसं नकोतच. सगळी कलमं, पोटकलमं, जुने निवाडे एका मोठ्या सूत्रात बसवले. आईच्या घराला सोयीचे गुण, बापाच्या घराला सोयीचे गुण, खोल्या किती, अंगण आहे का, डॉक्टर किती लांब, घरात माणसं कोण. त्यावरून मुलाचे दिवस वाटायचे. कराडला बंगला, अंगण, पेरूचं झाड. माझ्याकडे भाड्याच्या दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्याची खिडकी. निकाल काय लागणार ते उघड होतं.

यातला कडू विनोद असा की ते सूत्र सोडवणारं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं होतं. त्याचं नाव ‘संक्षेप’. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लोकांना वाटतं, संगणक म्हणजे आकडेमोड. एक भागिले तीन म्हटलं की शून्य दशांश तीन तीन तीन लिहीत सुटायचं. ‘संक्षेप’ तसं करत नाही. ते एक तृतीयांशाला एक तृतीयांशच ठेवतं, आणि तिप्पट करायला सांगितलं की नेमकं एक देतं. त्याला आकडे लागत नाहीत, चिन्हं पुरतात. कुठलीही पदावली त्याच्या पोटात उलट्या झाडासारखी असते. वर भागाकाराचं चिन्ह. त्याखाली दोन फांद्या, एक अंशाची, एक छेदाची. प्रत्येकीला बेरजेच्या, गुणाकाराच्या डहाळ्या, आणि टोकाला क्ष, य, स अशी पानं. यंत्राजवळ नियमांची पोतडी असते. अमुक आकाराची फांदी दिसली की ती तोडून तमुक लाव. क्ष अधिक क्ष दिसलं की दोन क्ष. चिन्हांचा अर्थ त्याला कळत नाही, कळायची गरजही नसते. असं हजारो वेळा केलं की दोनशे पानांचं सूत्र दीड ओळीत येतं. शाळेत आपणही हेच करायचो. वर-खाली सारखं दिसलं की काट मारायची.

गोम तिथेच आहे. वर-खाली सारखं असलेलं काढून टाकता येतं, पण ते शून्य नसेल तरच. शून्य भागिले शून्य म्हणजे एक नव्हे, त्याला काही उत्तरच नाही. आता एखादी राशी शून्य आहे की नाही हे यंत्राला कसं कळावं? हवी तेवढी गुंतागुंतीची पदावली द्या आणि ती शून्याएवढी आहे का ते हमखास सांगा, अशी रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञांनी कधीच सिद्ध करून ठेवलं आहे. मग दोन वाटा उरतात. एक, माणसाला विचारायचं. जुनी सॉफ्टवेअरं मध्येच थांबून विचारायची, ही राशी धन आहे, ऋण आहे, की शून्य? दुसरी वाट, नसेलच शून्य असं धरून पुढे जायचं. बहुतेक वेळा निभावतं.

मी पहिल्या वाटेची. माझे साहेब मंदार वर्तक दुसऱ्या वाटेचे. “गिऱ्हाईक वैतागतं गं मृणाल,” ते म्हणायचे. “एवढे पैसे मोजून घेतलेलं यंत्र उलट त्यालाच प्रश्न विचारतं म्हणजे काय?” मग त्यांनी प्रश्न बंद ठेवून ‘संक्षेप’ विकायला काढलं. मीटिंगमध्ये मी विरोध केला, तर म्हणाले, “तू बाळंतपणानंतर फार चिडचिडी झालीस हं.”

कँटीनमधून मी थेट जागेवर आले आणि आमच्याच यंत्राकडून त्या दीड ओळीची पूर्ण उकल मागवली. नियम कुठे लागला, फांदी कुठे तुटली, सगळं ते दाखवू शकतं. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. मग सापडलं. मूळ सूत्रात अंशाला ‘स’नं गुणलेलं होतं आणि छेदालाही ‘स’नं. स म्हणजे सहनिवास. आई, बाप आणि मूल तिघंही एका छपराखाली किती रात्री राहिली, तो आकडा. ‘संक्षेप’नं स भागिले स पाहिलं आणि काट मारली. नभाचा स तर शून्य होता. ती कधी त्याच्या घरात राहिलीच नव्हती.

मी वर्तकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पडद्यावर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“गणित चूक नाही,” ते म्हणाले.

“शून्यासाठी चूक आहे.”

“शून्याच्या केसेस कितीशा असणार?”

“एक माझी आहे.”

“हे बघ, मी हे कबूल केलं तर लागलेले सगळे निकाल उघडे पडतील. कंपनी बसेल. दोनशे माणसांच्या घरातली चूल बंद पडेल, त्यात तुझीही.” मग आवाज उतरवून, अगदी काकांसारखं, “सुट्टी घे. मुलीबरोबर थोडे दिवस घालव, तोवर.”

त्या ‘तोवर’बद्दल मी या माणसाला कधीही माफ करणार नाही.

पण मला एक गोष्ट छळत होती. ज्यानं हे सूत्र लिहिलं, त्यानं वर आणि खाली दोन्हीकडे स कशाला घातला? आठवीतलं पोरही म्हणेल, बाई, हा जातोय की. सूत्राच्या समितीवर कुमुदिनी देवस्थळी नावाच्या निवृत्त न्यायाधीश होत्या. वाईला राहतात असं कळलं. मी गेले. बाई पंच्याऐंशीच्या, वेताच्या खुर्चीत, समोर भिजवलेले वाल सोलत बसलेल्या. मी कुठल्या कंपनीची हे सांगताच म्हणाल्या, “मग दारातच थांबा.”

मी दारातूनच सगळं सांगितलं. मधेच त्यांचे हात थांबले.

“काढला?” त्या म्हणाल्या. “माझा स काढला?”

“यंत्राला तो फालतू वाटला.”

“फालतू!” वालाचं सालपट त्यांनी ताटात आपटलं. “अहो, ती पाचर होती माझी. मंत्रालयातून सक्त ताकीद होती, सूत्राला अपवाद नको, सुनावणी हा शब्दसुद्धा नको. मी म्हटलं, बरं. पण ज्या पोरानं बापाचं किंवा आईचं घर पाहिलेलंच नाही, त्याचं काय? त्याला कुणीतरी माणसानं बघायला नको? म्हणून वर-खाली स घातला. शून्य आलं की छेदात शून्य, यंत्र अडणार. अडलं की कागद न्यायाधीशाच्या टेबलावर. कुणाला कळणार नाही अशी पाचर मारली आणि तुमच्या त्या शहाण्यानं ती उपटून फेकली.” मग म्हणाल्या, “आत या. आणि वाल सोला, नुसत्या बसू नका.”

त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. मी कंपनीतली उकल वरच्या कोर्टात ठेवली आणि नभाच्या निकालाला तोवर स्थगिती मिळवली. वर्तकांनी त्याच आठवड्यात मला कामावरून काढलं, पण निकाल आमच्या बाजूनं लागला. ‘संक्षेप’नं यापुढे स कापण्याआधी विचारायचं, दोन्ही पालकांना समोरासमोर, शपथेवर. शून्य असेल तर माणसानं सुनावणी घ्यायची. लागलेले निकालही पुन्हा तपासायचे. महिनाभरात राज्यातली दीडशेहून जास्त मुलं त्या पाचरीमुळे सूत्रातून सुटली. मला अनोळखी बायांचे फोन आले, एका बापाचाही आला. एकीनं तर कुरिअरनं साडी पाठवली. मी नभाला घेऊन पाणीपुरी खायला गेले आणि तिला एक तिखट पुरीही दिली.

दुसऱ्या दिवशी सुयशचा फोन आला.

“काय गं, जिंकलीस म्हणं.”

“कोर्टात बोलू.”

“कोर्टात तर बोलणारच हाय. तुला एवढंच आठवण करून द्यायला फोन केला. बारशादिवशी मी कुठं झोपलो होतो, मृणाल?”

मी फोन ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बारशादिवशी संध्याकाळी भांडण झालं आणि थोरवड्यांची माणसं जीप भरून निघून गेली. सुयश त्यांच्यात बसला नाही, मला समजावतो म्हणून मागे राहिला. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. मग तो एसटी स्टँडवर गेला, तर कुंभार्ली घाटात टँकर उलटलेला आणि कराडची शेवटची गाडी रद्द. ती गाडी रद्द कुणी केली? माझ्या वडिलांनी. अण्णा चिपळूण डेपोत वाहतूक नियंत्रक होते. भोंग्यावरून त्यांनीच पुकारा केला. मग समोर बाकड्यावर बसलेला जावई त्यांना दिसला आणि त्याला घेऊन ते घरी आले. पडवीत अंथरूण घातलं. मी बाळाला घेऊन आत होते, तो बाहेर. उजाडताच तो गेला. ती एक रात्र. छप्पर मात्र एकच होतं. बायका-नवऱ्यात बोलणं होतं का, बापानं मुलीला हातात घेतलं का, हे कायदा विचारत नाही.

आणि स शून्य नसला, एक असला, तर काट मारणं बरोबरच होतं. एक रात्र असो की हजार, वर-खाली सारखीच, कापली जाणार. यंत्राला त्यातला फरक नाही. मी चार महिने झगडून दुसऱ्यांची पोरं सोडवली आणि माझी तिथेच.

त्या दिवशी अण्णा गॅलरीत नभाची वेणी घालत होते. ते तिची वेणी माझ्यापेक्षा चांगली घालतात. नभा खाली खेळायला पळाल्यावर मी विषय काढला.

“अण्णा, तुम्हाला साक्षीला बोलावतील.”

“बोलवू देत.”

“बारशाच्या रात्रीचं विचारतील.”

“मग सांगेन.”

“काय सांगाल?”

त्यांनी कंगव्यातले केस काढून गुंडाळले. “अगो, जे झालं ता सांगेन. मीच आणला त्याला घरी. शपथेवर खोटा बोलायचा नाय मी.”

“नभाला नेतील, अण्णा.”

“माहीत हाय मला.”

“ज्यानं माझा राजीनामा लिहिला, त्याच्या हातात द्याल तिला? एका शब्दासाठी?”

“तू शब्द म्हणतेस.” ते उठले. “स्टँडवर तेव्हा पन्नास माणसा होती. मी पस्तीस वर्षं सुटलेली गाडी सुटली आणि रद्द झालेली रद्द सांगितली. आता म्हातारपणी कुठली नवी विद्या शिकू?”

मी खूप बोलले. आई असती तर तिनं तुमच्या तोंडाला कुलूप घातलं असतं, असंही बोलले. ते पिशवी उचलून भाजी आणायला निघून गेले. मला वाटलं, वेळेवर विरघळतील. शेवटी बाप आहेत.

कोर्टातले न्यायाधीश तरुण होते, सूत्र आल्यानंतरच्या भरतीतले. पक्षकारांच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवय नव्हती, ते पडद्याकडे बघूनच बोलत. पडद्यावर आमच्या ‘संक्षेप’चा प्रश्न आला आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचला, “स ही राशी धन आहे, ऋण आहे, की शून्य?”

“ऋण रात्री कशा असतील, साहेब?” सुयशचा वकील हसून म्हणाला. कुणी हसलं नाही.

आधी मला विचारलं. शपथेवर. मी “शून्य” म्हणाले. लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. ज्या रात्री एका माणसानं माझ्या घरात केवळ गाडी चुकली म्हणून पाठ टेकली, त्या रात्रीला सहनिवास म्हणायचं असेल तर एसटी स्टँडच्या बाकड्यावर झोपलेली सगळी माणसं माझी नातलग आहेत.

सुयश म्हणाला, “एक. धन.” आणि माझ्याकडे बघून घसा खाकरला.

न्यायाधीशांनी अण्णांना बोलावलं. अण्णांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. पिंजऱ्यात त्यांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

“बारशाच्या रात्री मुलीचे वडील तुमच्या घरी राहिले होते का?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मला त्यांना जाळायचं होतं.

“व्हय साहेब,” अण्णा म्हणाले. “राहिले होते. एक रात्र.”

न्यायाधीशांनी कळ दाबली. उत्तर यायला डोळे मिटायचाही वेळ लागला नाही. पाच दिवस कराड, दोन दिवस पुणे. हिरवी खूण. मी उठून ओरडले, सगळं सांगितलं, राजीनामा, चार वर्षं, पडवी, टँकर. न्यायाधीश खरोखरच ओशाळले. “मॅडम, शून्य असतं तर मी ऐकलं असतं,” ते म्हणाले. “आता मला अधिकार नाही.” माझ्या खोट्या उत्तराबद्दल त्यांनी फक्त समज दिली. बाहेर पायऱ्यांवर देवस्थळीबाई काठी टेकून उभ्या होत्या. मला ओलांडून त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला. मला दोघांचाही राग आला.

एक तारखेला सुयशची गाडी आली. नभानं आधी मला, मग अण्णांना मिठी मारली, आणि गाडीत बसताना विचारलं, “हे काका मला परत कधी आणणार?” सुयशचा चेहरा पडला. तेवढंच माझ्या पदरात पडलं.

वर आले तर अण्णा रेक्झिनची बॅग भरत होते. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललेले नव्हते. ताट वाढून ठेवायचं आणि आत जायचं, एवढंच.

“कुठे निघालात?”

“चिपळूणला. तुला माझं तोंड बघवत नाय.”

“नाही बघवत,” मी म्हणाले. “एक विचारते. शपथेला जागलात की तुमच्या मनातही तेच होतं? पोरीला बाप असावा म्हणून?”

ते बॅगेची चेन लावत राहिले. ती अडली. “दोन्ही,” शेवटी ते म्हणाले.

खोटं बोलले असते तर मला त्या क्षणी बरं वाटलं असतं. पण त्यांना तेवढंही येत नाही.

त्यांनी चपला घातल्या. बॅग उचलली. मी दारात आडवी उभी राहिले.

“बॅग ठेवा.”

“कशाला आता?”

“निकालाबरोबर गुणांची फोड आलीय. घरात दिवसभर वडीलधारं माणूस असल्याचे गुण मला मिळालेत. तुम्ही गेलात की ते जातात, आणि यंत्र आपोआप नवी वाटणी करतं. दोन दिवसांचा एक होतो.”

अण्णांनी बॅग तशीच हातात धरली. “म्हणजे मी हवाय तो गुणांपुरता.”

“हो.”

“आणि एरवी?”

“एरवी नको आहात. पण राहा.”

त्यांनी बॅग खाली ठेवली. चपला काढल्या आणि भिंतीला लावून नीट ठेवल्या. मग ते खुर्चीत बसले आणि रिकाम्या हातांनी बसूनच राहिले. मी स्वयंपाकघरात गेले आणि एकाच माणसापुरता चहा टाकला.